खिडकीजवळची शांता

३ फेब्रुवारी १९३८, बेळगाव
चार महिने वही उघडली नाही. चूक माझी. आज उघडली तीही रागाने.
प्रमोदिनीबाईंच्या वर्गात दोन शांता. म्हणून हजेरीला बापाचे नाव लावून पुकारतात. आज त्या म्हणाल्या, "शांता दिनकर", आणि मग— "खिडकीजवळची शांता." मी दारातच उभी. त्या मुलीच्या वडिलांचे नाव चिंतामणी. आमच्या ड्रॉइंग मास्तरांचेही तेच. महिन्यापूर्वी बाई हे नाव खणखणीत घेत.
बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. म्हणजे लग्न उरकले आहे, चोरून!

४ फेब्रुवारी
शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सुटली, हा शाळेचा नियम. सोळा वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी मला मागणी घातली. नियम त्यांचाच. "मीच केलेला मी कसा मोडू? नोकरी सोडा." मी नाही म्हटले. वर्षाच्या आत त्यांनी निपाणीची मुलगी केली.
आणि हिला नोकरीही हवी, नवराही.
हा न्याय की मत्सर? मत्सर. तरीही सोडणार नाही.

६ फेब्रुवारी
मुद्दाम खासबागेत तिच्या खोलीवर गेले. दारात पुरुषी वहाणा.
"सदलग्याचा भाऊ आलाय."
भाऊ दिसेना. पडद्यामागे शिंक.
"मांजर," म्हणाली.
"भावाला मांजरानं नेलं वाटतं."
दोन कप चहा तासभर पुरवला. मांजर अकरा वेळा शिंकले. मजा आली, हे लिहिलेच पाहिजे.

९ फेब्रुवारी
शनिवारी संमेलन. आभार वाचायला तिला सांगितले. यादीत पहिलेच नाव ड्रॉइंग मास्तरांचे. यादी पाहून पांढरी पडली.
"कल्याणीबाई, मला खोकला झालाय."
"शनिवारपर्यंत जाईल."
सेक्रेटरी समोरच असतील. अडखळली की संपले. बाई शिकली तरी जीभ शिकत नाही.

१० फेब्रुवारी
तालीम. स्वागत मी वाचले— "अध्यक्ष गोविंदराव, पाहुण्या अक्काताई, आपले सेक्रेटरी..."
झाडलोट करणारी गुणाबाई खराटा टेकून हसली. "बाई, त्यास्नी नाव न्हाय व्हय? सोळा वरसं झाली, तुमच्या तोंडातनं कवा आलं न्हाय."
प्रमोदिनी माझ्याकडे बघत होती. हसली नाही.
घरी येऊन ही वही चाळली. इथेही नाही.

११ फेब्रुवारी
यादी फाडली.
उद्या: लग्नाचा नियम रद्द करावा, हा अर्ज भरसभेत मीच वाचणे. सुरुवात सेक्रेटरींच्या नावाने— दत्तोपंत.