बिनभात्याची पेटी

उत्रोली, मंगळवार, सांजवेळ. सन १९४५

पलटणीतनं परत आलेल्या सदूमामानं आज आमच्या ओसरीवर फोनो लावला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुखाचं गाणं हाय, म्हनला. त्यात ऑर्गन, आपल्या पेटीवानीच बाजा, वाजत व्हता. सूर असा थरथरायचा, जनू कुणी रडू दाबतंय. अजून कानात थरथरतोय.

आबांचा डावा हात लुळा. ते सूर धरायचे आन् दादा समोर बसून पेटीचा भाता मारायचा. दादा लढाईत मारला गेला, तवापासनं पेटी बंद.

"सदू, ह्येचा भाता कोन मारतंय रं?" आबांनी इचारलं.

"भाताच न्हाई दाजी. इजेवर चालतो."

"म्हंजी संगं कुणी बसाया लागत न्हाई?"

तो थरथरता सूर तेवढा चालू.

शाळा कायमची सुटल्यापासनं चार माणसांत माझं तोंड उघडत न्हाई. आज कसं उघडलं, कळंना. "आबा, म्या बसू?"

"दादावानी जमंल व्हय तुला?"

"दादावानी न्हाई जमायचं."

आबांनी उजव्या हातानं पेटी वडली, फिरवली, आन् भात्याची बाजू माझ्याकडं केली.