पडदा सरकल्यावर

सूनबाई,

आनंदाने अक्षर वेडंवाकडं येतंय. आपली पोर जगभरच्या व्हायोलिनवाल्यांत पहिली आली! माझी नवी चप्पल इतकी चावत होती, तरी मी टाळ्या वाजवत उभीच! तुम्हा परीक्षकांपुढे पडदा होता, म्हणून आपण कुणाला निवडतोय हे तुलाही कळलं नाही. पडदा सरकला, आणि तू ओक्साबोक्शी रडलीस. चार वर्षांची टाकून गेलीस, पण नाक तुझंच ना!

पोरीने तुझ्याशी हात मिळवला, "थँक्यू, मॅडम." मग मला विचारते, "आजी, त्या का गं रडल्या?"

म्हटलं, "त्या सगळ्यांसाठीच रडतात."

आई वारली, असं मीच सांगून ठेवलंय तिला. तुझा पत्ता आहे माझ्याकडे. पण मेलेल्या माणसाला कुणी पत्र टाकतं का?

सुखात असलेली,
तुझी सासू