अकरा वाजता जाणारं नेट

४ मार्च
आजही अकराच्या सुमारास नेट गेलं. आठ दिवस हेच — राउटरचे दिवे विझतात, चार मिनिटांनी आपोआप लागतात. तेवढ्यात श्रियाची मीटिंग तुटते. घरून काम, नोकरी नवी, पहिले तीन महिने पारखून घेणार. आज तिच्या साहेबानं सगळ्यांदेखत विचारलं म्हणे, बालाघाटला वीज तरी आहे का. पोरगी जेवली नाही.

५ मार्च
वायर बदलली. राउटर खिडकीत नेला, परत हॉलमध्ये आणला. अकरा दहाला गेलंच!

७ मार्च
नेट जातं ते दुर्गाबाई कामाला आल्यावरच. हे आज लक्षात आलं. श्रिया ओरडली म्हणून हॉलमध्ये गेले, तर दुर्गाबाई राउटरच्या टेबलाखाली वाकलेली, हातात झाडू. दिवे विझलेले.

मी म्हटलं, "तुझा फोन चार्ज करायले प्लग काढतं अन् माझ्या पोरीची नोकरी घालवतं का तू?"

ती उभी राहिली. "मी प्लगले हात बी नाही लावला, बाई. तुम्ही नागपूरले जाता तं घराच्या चाब्या माझ्यापाशी ठेवता. मी काहून असं करीन?"

मी म्हटलं, चाब्यांचंही पाहावंच लागेल आता. हे बोलायला नको होतं. झाडू भिंतीला टेकवून ती निघून गेली.

९ मार्च
दोन दिवस नेट एकदाही गेलं नाही. म्हणजे माझंच खरं. भांडी मी घासते. कंबर धरली आहे.

१० मार्च
टाकी रिकामी झाली. मागच्या अंगणात जाऊन मोटर लावली. आतून श्रियाचा आवाज — "आई, नेट गेलं."

बटणावरचा हात तसाच राहिला.

दुपारी नेटवाल्यांचा प्रेमलाल आला. त्यानं मला तीनदा मोटर लावायला सांगितली. तिन्ही वेळा राउटर विझला. "मोटर चालू होते ही वोल्टेज गिरता है, मॅडम. आपका अडॅप्टर कमजोर हो गया है." नवा लावला. पाच मिनिटांचं काम.

दुर्गाबाई आल्या आल्या मोटर लावायची. मीच सांगून ठेवलं होतं तसं. अन् हे दोन दिवस टाकीत पाणी होतं, म्हणून मोटर लागलीच नाही.

  

११ मार्च
दुर्गाबाईकडे गेले नाही. फोनवर लिहिलं, खोडलं. शाळेत तीस वर्षं पोरांना 'सॉरी म्हण' म्हणत आले.

१३ मार्च
ऑटो करून भरवेलीला, दुर्गाबाईच्या घरी गेले. तिनं पदरानं खुर्ची पुसली, मला बसवलं, स्वतः उभीच. मी काही बोलायच्या आधी तिनंच विचारलं, "पोरीची नोकरी हाय ना?"

मला मान वर करता येईना. सगळं सांगितलं. मोटर, अडॅप्टर. चुकलं माझं, म्हटलं. तिनं चहा दिला. म्हणाली, "येईन उद्या."

परतताना ऑटोत हलकं वाटलं. मिटलं एकदाचं.

१४ मार्च
आली. आमचं स्वयंपाकघर दिवसाही अंधारं. उंबरठ्यावरच थांबली.

"लाइट लावू का, बाई?"

बारा वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.