तपकिरी कस्तुराची नोंद

३ डिसेंबर, सकाळी ७.१२
गच्चीवर निळा कस्तुर आला. गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस उशिरा. सोसायटीचे सेक्रेटरी विक्रमसिंह वर आले, म्हणाले, जयवंतभाई, आ तो काबर छे. काबर! म्हणजे साळुंकी! सत्तेचाळीस मिनिटं समजावलं. मध्येच पाण्याची मोटर बंद करायला गेले, ते परत आलेच नाहीत.
संकल्प: अडाण्यांशी बोलायचं नाही.

५ डिसेंबर
संताप. शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला कस्तुरांच्या कुळातून काढून माशीमारांत टाकलंय. जनुकं तपासून म्हणे. तेही कधीचंच. मला विचारलं कोणी? स्पेनपासून जपानपर्यंत पसरलेला पक्षी. हिवाळ्यात बडोद्याला येतो, रोज माझ्यासमोर बसतो आणि त्याचं कूळ ठरवणार कुठली तरी लॅब! माझ्या वहीत तो कस्तुरच राहील. पेनने लिहिलंय.

९ डिसेंबर, ७.४०
टाकीवर दुसरा पक्षी! बांधा तोच, चोच तीच, पण तपकिरी. पोटावर खवल्यांसारखी नक्षी. पुस्तकात अगदी असाच फोटो 'मादी' म्हणून छापलाय. पुस्तक चुकलंय.

१२ डिसेंबर
चार दिवसांत अकरा तास निरीक्षण. निळा तपकिरीला दिसताक्षणी हाकलतो. एकोणतीस वेळा. एकदाही शेजारी बसले नाहीत. नर-मादी असं वागतील? अर्थात प्रजातीच वेगळी.
निरुपमाला सांगितलं. मेथी निवडत होती. म्हणाली, अहो, त्या हिशोबाने आपणही दोन वेगळ्या प्रजातींचे. वर हसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी या बाईला शास्त्राचं गांभीर्य नाही. तसं मोठ्या आवाजात सांगितलं. उठून आत गेली. मेथी तशीच.

१५ डिसेंबर
जानेवारीत बडोद्याची पक्षीयादी छापून येणार. ती करणारी योगिनी, शाळेत फिजिक्स शिकवते. फॉर्म भरला, वर्णन आणि बावीस फोटो जोडले. नवीन प्रजाती: बडोदे तपकिरी कस्तुर. निरीक्षक: मी. कोयलीला रिफायनरीत सव्वीस वर्षं गेज वाचतोय, डिप्लोमाच्या पुढे काही नाही. त्या यादीत एकदा नाव यावं, बास.

१८ डिसेंबर
योगिनीचा मेसेज. काका, काय सुंदर मादी आहे! हिवाळ्यात नर आणि मादी आपापली हद्द वेगळी राखतात, म्हणून भांडतात. यंदा शहरातली ही पहिलीच मादी. नुसतं 'मादी' लिहा, लगेच घेते. शेवटी हसरा चेहरा.
काका!
उत्तर पाठवलं. अकराशे शब्द. विषय: शिस्त.

२० डिसेंबर
तिचं उत्तर: बरं.
निरुपमा म्हणाली, एक शब्द बदला की, पोरगी किती प्रेमाने सांगतेय. मी म्हणालो, सव्वीस वर्षांत मी एकही रीडिंग बदललेलं नाही. म्हणाली, ते माझ्याइतकं कोणाला माहीत? रोख कळला नाही.

३१ डिसेंबर
नोंदी स्वीकारायचा शेवटचा दिवस. योगिनीला तीन स्मरणपत्रं गेली. गप्प आहे, म्हणजे मुद्दा पटलाय. प्लँटमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, यादीत आमचं नाव बघा.

११ जानेवारी, रात्री ८
यादी आली. पान तेरा. कूळ: माशीमार. निळा कस्तुर, मादी, एक. निरीक्षक: निरुपमा जयवंत शिर्के.
खाली फोटो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मोबाईलवर काढलेला. पोटावरचं खवलं न् खवलं मोजता येतं. माझ्या बावीस फोटोंत टाकीच स्पष्ट आहे.
विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात, शू, पक्षी उडेल.
संध्याकाळी प्लँटमधले पाच जण पेढे घेऊन आले होते. वहिनी, वहिनी करत तिच्याभोवती. पक्षी कुठून येतो, खातो काय, हिला प्रश्नावर प्रश्न. ती म्हणाली, मला नाही हो इतकं कळत, यांना विचारा, यांना सगळं माहीत आहे.
मी खुर्ची पुढे ओढली. घसा साफ केला.
कोणी विचारलं नाही.