त्यांचं ताट, माझी कंबर

४ ऑगस्ट २०२५, सकाळी

...झाडून झालं, पाणी भरलं, दूध उतू जाता जाता वाचलं. हे दारापुढच्या ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. यांच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचली, तर म्हणाले, "छाया, तुह्या हातची सुई कळतच नाई." मग चहा आणि दोन गोरसपाक, ती तुपातली गोड बिस्किटं. डॉक्टरांनी बंद केले होते, तरी दिले. रोजच्यासारखीच सकाळ होती. संध्याकाळी हे नव्हते. अटॅक. त्या दिवसाला आता तीन वर्षं झाली.

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून मी बदलणार. दवाखान्यातल्या आहाराच्या अभ्यासात नाव घातलं. मला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. कंबर, साखर, बीपी, रक्तातली चरबी, चारही वर. आहार सांगणाऱ्या वर्षाली मॅडम म्हणाल्या, अशा माणसाच्या पेशींना आतून गंज चढल्यासारखं होतं, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. गोड-तळलेल्यानं वाढतो, भाजी, जवस, आवळा यांनी कमी व्हायला मदत होते. रोज खाल्लेलं वहीत लिहायचं. बारा आठवड्यांत फरक पडला नाही तर इन्सुलिन.

लेकीनं, रक्षानं, फोनवर सांगूनच टाकलं. सुई लागली की हिंगणघाटला तिच्याकडे, देवळीच्या घराला कुलूप. बंद घरात यांना कोण वाढणार?

फरक पडेलच. माझा निश्चय पक्का असतो.

८ ऑगस्ट

वहीत लिहिलं: ज्वारीची अर्धी भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. मॅडम खूष होतील.

यांचं ताट रोजच्यासारखं फोटोसमोर. वरणभात, तूप, चार भजे, गोरसपाक. अर्धा तास ठेवते. अन्न टाकायचं नसतं म्हणून नंतर मी संपवते. सत्त्व त्यांनी घेतलेलं असतं, उरतो चोथा. चोथा वहीत कशाला लिहायचा?

२२ ऑगस्ट, पोळा

पुरणपोळ्या. यांना तीन लागतात. नंतर मी वाटीभर आवळ्याचा रस प्याले. गंजाचा प्रश्न मिटला. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात आवळ्याचं लिहिलंच आहे. गुळाचं पान वाचायचं राहिलं.

१ सप्टेंबर

शेजारच्या मनकर्णाबाईनं मला ताट उचलताना पाहिलं. म्हणते, "जेवून राह्यला तुहा बुवा, अन् पोट तुहं काऊन सुटून राह्यलं वं?" मी म्हटलं, सूज आहे.

तिला काय कळणार. काल भातात मधोमध खड्डा होता, बोटं घातल्यासारखा. खिडकी बंद होती, घरात कोणी नव्हतं. तुपासाठी तो मीच केला होता का, ते आठवत नाही. ओट्यावरची खुर्चीही वाजली. उद्यापासून भजे दोनच. किंवा सोमवारपासून.

१६ सप्टेंबर

पितृपक्षातली यांची तिथी. वडे, खीर, कढी, बेसनाच्या पातोडीची रसभाजी. रक्षा आली होती. ताटाकडे बघून म्हणाली, "आई, बाबा हेच खाऊन गेले न." मी म्हटलं, आजच्या दिवशी असं बोलू नये. ती बसनं परत गेली, वाक्य घरातच राहिलं. स्वयंपाकघरात गेले तर तिथं, देवाजवळ गेले तर तिथं. ताट दोन तास ठेवलं. खिरीवर साय धरली. मग खाल्ली.

वहीत: उपास.

२७ ऑक्टोबर

रिपोर्ट मिळाले. कंबर दोन इंच जास्त. साखर वर, चरबी वर, गंजाचा आकडाही वर. वर्षाली मॅडम वही पुन्हा पुन्हा चाळत होत्या. "काकू, एवढं कमी खाऊन असं होत नाही. काही लिहायचं राहिलं का?"

मी दिवाळीवर ढकललं. मग वयावर. मग कसं कोण जाणे, यांच्या ताटाचं बोलून गेले. सत्त्वाचं, चोथ्याचं, सगळं.

त्या हसल्या नाहीत. काकांना साखर होती का, एवढंच विचारलं. म्हटलं, होती. "मग त्यांना हे का वाढता?"

मी त्यांच्या हातातून वही घेतली, पिशवीत घातली. मोठ्या डॉक्टरांनी एक महिना दिला. नंतर सुई, म्हणजे हिंगणघाट. बसमध्ये खिडकीशी बसले, पण देवळी कधी आली ते दिसलं नाही.

२८ ऑक्टोबर

यांच्या ताटात ज्वारीची अर्धी भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. तूप नाही, गोरसपाक नाही. तासभर समोर बसून राहिले. त्यांनी हात लावला नाही. मग मी खाल्लं, आणि वहीत माझ्या नावावर लिहिलं.