काकांचे मेल हलवताना

बाई, परवापासून माझं कशात लक्ष नाही. चहा ठेवते आणि विसरते. खुर्चीत बसते, लगेच उठून खिडकीशी जाते, आणि खिडकीतून नागापूरच्या त्याच शेड दिसतात म्हणून परत येऊन बसते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पायाला भिंगरी लागलीय का गं तुझ्या?" लागली आहे खरी. कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, एवढंसं काय त्यात, राईचा पर्वत करतेय. तुम्ही तसं म्हणाला नसतात, म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून काही चुकलं की माझी मान आधी दाराकडे वळते.

आपलं काम काय, हे मला आजही लोकांना धड समजावून सांगता येत नाही. भिंगारच्या तुमच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास, आणि दुपारनंतर तुम्ही बसने इथे नागापुरात, कारखान्यांच्या शेडमधल्या या खोलीत यायचात. लेथवर केसाइतका फरक ओळखणारी माणसं इंग्रजी पत्र म्हटलं की घामाघूम व्हायची. त्यांची पत्रं तुम्ही लिहायचात. मग कॉम्प्युटर आला, मेल आले, आणि त्यांनी आपापली मेलची किल्ली, म्हणजे पासवर्डही तुमच्या हातात दिला. लोक घराची चावी शेजारी ठेवतात तशी. तुम्ही एक शिस्त लावून दिलीत: आलेला मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा आणि वरचा, इंटरनेटवरचा, पुसून टाकायचा. "दुसऱ्याची पत्रं चव्हाट्यावर ठेवायची नसतात," असं म्हणायचात. तुमच्यामागे ही खोली माझ्याकडे आली, ती माणसं आली, तुम्ही स्वतः शिवलेली खुर्चीवरची गादी आली आणि ही शिस्तही आली. का, कशासाठी, असं मी कधी विचारलं नाही. त्यामुळे आपल्या लोकांचे सगळे मेल जगात एकाच ठिकाणी आहेत, या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये.

हा कॉम्प्युटर नवा घेतला तेव्हा त्यात ऑफिसचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं, पण ट्रायलचं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं फुकट. फुकटचं ते पौष्टिक, म्हणून मी जुने सगळे मेल त्यातच आणून ठेवले. मुदत संपत आल्याच्या सूचना रोज यायच्या आणि मी रोज 'नंतर आठवण करा' दाबायची. घेणेकऱ्याला मुलाकरवी 'आई घरात नाही' म्हणून सांगतात ना, तसं. शेवटी परवा सकाळी ते अडून बसलं. जुने मेल दाखवतं, पण नवा लिहू देत नाही, आलेल्याला उत्तर देऊ देत नाही.

आणि त्याच सकाळी नेमके काका आले. काका म्हणजे मागच्या शेडमधले, तिसगावचे, उसाच्या ट्रॉलीच्या पिना करणारे. तुमच्या वेळी ते दुसऱ्याच्या लेथवर कामाला होते, आता त्यांचे स्वतःचे दोन लेथ आहेत. त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाने पुन्हा पिना मागितल्या होत्या. पिनेचं माप मध्यंतरी बदललं होतं, ते बदललेलं ड्रॉइंग मेलवर आलेलं आणि भाव संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. मी म्हटलं, "काका, बसा जरा, मशीन रुसलंय." ते स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, माजं समदं हाय ना त्यात? कागुद तर म्या एक बी ठिवला न्हाई. तुमच्याकडं हाय म्हनल्यावर कशाला ठिवायचा?"

सावेडीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो गाडीवर होता, वाऱ्यातून ओरडून म्हणाला, "मॅडम, आधी ते संपलेलं काढून टाका, मग दुसरं फुकटचं मिळतं ते टाकू. मेल काय, वरून परत उतरतील." वर काही नाही, हे त्याला कसं माहीत असणार? मी काढून टाकण्याच्या बटणापर्यंत गेलेही होते. 'नक्की काढायचं का?' असं कॉम्प्युटरने विचारलं, बाण 'हो'वर होता, आणि मला एकदम तुमच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास आला. खोटं नाही सांगत.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? क्लासला लागून मला फार दिवस झाले नव्हते. एका वकिलांचा लांबलचक अर्ज तुम्ही माझ्याकडून टाईप करून घेत होतात, आणि मी कार्बन उलटा घातलेला. तुम्ही आत भाजीला फोडणी देताय, मी बाहेर खडाखड टाईप करतेय, स्वतःवरच खूश. पान संपलं, मी ते मशीनमधून ओढून काढते आणि बघते तर खालची प्रत कोरी, सगळी अक्षरं वरच्याच कागदाच्या पाठीवर उमटलेली. तुम्ही हातात उलथनं घेऊनच बाहेर येता. मला वाटलं, आता खाते मार. तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "खालची प्रत बघितल्याशिवाय वरचा कागद काढायचा नाही. काढला की संपलं," एवढंच म्हणालात आणि आत गेलात. मी रडत रडत ते पान पुन्हा टाईप केलं, आणि मग तुम्ही मला जेवायला बसवलंत. भाजी करपली होती.

मी 'नाही' दाबलं. आधी मेलची ती भलीमोठी फाईल शोधून पेनड्राईव्हवर उतरवली. मग जुन्याला हात न लावता त्याच्या शेजारी नवं टाकलं. नव्याने विचारलं, जुन्यातले मेल आणू का? मागाहून कॉम्प्युटरवाला आला तेव्हा कळलं की जुनं काढलं असतं तर नव्याला ते तसे उचलताच आले नसते. तो जीभ चावून म्हणाला, "वाचलात मॅडम." मेल सरकत होते तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पट्टी मध्येच थांबायची आणि मी उठून उभी राहायची. दुरुस्तीसाठी लाईट जाईल की काय, ही वेगळीच धाकधूक. काका आपले शांत, तिसगावच्या बाजाराच्या गोष्टी सांगत बसलेले, नातीचं, गुडघ्याचं, सुनेचं. मी नुसती हं हं करत होते. शेवटी सगळं आलं. एकेकाचं खातं उघडून पाहिलं, काकांचं ड्रॉइंग उघडलं, माप वाचून दाखवलं. भाव लिहिला, पाठवला. काकांनी कॉम्प्युटरला हात जोडले आणि मी हसले. किती तरी दिवसांनी अशी मोकळी हसले असेन.

इथे पत्र संपायला हवं होतं, बाई. पण निघता निघता काका दारात थांबले. "ताई, सून म्हनती, आता हे समदं मोबाईलवर बी येतं. हितनं उठून तुमच्याकडं यायचं कामच न्हाई, म्हनती. येतं का वो?"

येतं. नव्या सॉफ्टवेअरची तीच तर सोय आहे. पुसून टाकायची शिस्त सोडली की काकांचे मेल काकांच्या खिशात. मी म्हटलं, "तुमचं नाही येणार काका. जुनं खातं आहे ना."

त्यांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. "तुमी म्हनता म्हंजी न्हाईच येत," म्हणाले आणि चपला घालून गेले.

पैशासाठी नाही हो, बाई. काकांकडून मिळतं त्यात महिन्याचं दूधही भागत नाही. पण आता दुपारी या खोलीत येणारे ते एकटेच राहिले आहेत. बाकीच्यांची मुलं शिकली, आपापलं बघतात. काका येतात, स्टुलावर बसतात, गुडघ्याचं सांगतात, आणि मग माझी दुपार सरते. मला एकटं वाटतं, हे सरळ लिहायला मला एवढी पानं लागली.

उद्या काकांना खरं सांगेन, असं आत्ता तुम्हाला लिहिणार होते. तुम्ही लगेच विचारलं असतंत, आज का नाही? काकांचा नंबर मला पाठ आहे. शेडमध्ये लेथ चालू आहे, त्याचा आवाज इथे येतोय, म्हणजे ते तिथेच आहेत. फोन हाताशी आहे. मी अजून लावलेला नाही.