चौरंगावरच्या चिमण्या

श्री
शहापूर, ता. ४ एप्रिल १९४१

चि. गं. भा. वेणू हिस विठूदादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. आपल्या पारूचं लग्न वैशाखरे गावात ठरलं. मुलगा कष्टाळू आहे, सासू सोमीबाई मात्र रीतभातीला कडक. हळदीचा चौरंग आत्याकडून यायचा, ही लाकूड कातणाऱ्या आपल्या कातारी घराण्याची रीत मी विसरलेलो नाही. चारही पाय तूच कातून पाठव, वरची फळी मी बसवेन. तुझ्याइतका बारीक हात इकडे कुणाचा नाही, माझाही नाही.

पण त्यावर तुझ्या खुणेची ती चिमणी डागू नकोस. धसईच्या बाजारात तुझे भोवरे घेणारा प्रत्येकजण तिला ओळखतो, आणि विधवेच्या हातचं हळदीला चालणार नाही असं सोमीबाईंनी आधीच ऐकवलं आहे. चौरंग मी केला असं सांगेन. लग्नाला अवश्य ये, फक्त हळद लागताना मागच्या पडवीत थांब. माझी अडचण समजून घे आणि लोभ कमी करू नकोस.

तुझा,
विठूदादा

धसई, ता. १० एप्रिल १९४१

ती. विठूदादास वेणूचा शि. सा. न. वि. वि.

पारूचं ठरलं हे वाचून शेजारच्या ठमीला हाक मारली नि दोघींनी गूळ खाल्ला. पुढचं वाचलं आणि डोकं तापलं. हे गेले तेव्हा लाकूड कातायचा चरक विकून टाक म्हणणारा तूच होतास. मी विकला नाही. ठमी दोरी ओढते, मी कातते, त्यावर दोघींच्या चुली पेटतात.

पाय काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडाचे केले आहेत. फिरत्या लाकडाला तार टेकवून काळ्या रेघा जाळल्या आणि तापल्या सुईनं प्रत्येक पायावर चिमणी डागली. एक नाही, चार. माझा हात अशुभ असेल तर काम दुसऱ्याला दे. हात चालतो आणि नाव चालत नाही, हा कुठला न्याय? रंग मुद्दाम दिलेला नाही, हळदीचा पिवळा बापानं चढवावा.

मागच्या पडवीत उभी राहायला मी येणार नाही, म्हणजे लग्नालाच येणार नाही. आणि माझ्या नावामागे ते गं. भा. लिहीत जाऊ नकोस. बाबांनी नुसतं वेणू ठेवलं होतं. रागाव हवा तितका, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
वेणू

शहापूर, ता. २१ एप्रिल १९४१

चि. वेणूस अनेक आशीर्वाद वि. वि.

पाय पोचले. काम असं उतरलंय की हातातून खाली ठेववत नाही. हट्टीपणात मात्र तू बाबांच्या वरताण. तरी तुझ्या चिमण्यांचा बंदोबस्त केला. पाय चरकावर चढवले, पिवळ्या लाखेचे थरावर थर दिले आणि केवड्याच्या पानानं घासले. लाल लाखेखाली सगळं साफ बुजलं असतं, पण हळदीला पिवळाच हवा. माझ्या ओसरीच्या अंधारात मला तरी काही दिसत नाही.

पारू रोज तुझी वाट बघते. तू नसशील तर घर भरल्यासारखं वाटणार नाही, हे खरं सांगतो. लोभ असू दे, एवढंच.

तुझा,
विठूदादा

वैशाखरे, ता. ८ मे १९४१

ती. कातारीण वेणूआत्या हिस पारूचा शि. सा. न. वि. वि.

हो, तुला मी असंच लिहिणार. बाबांनी तुझ्या चिमण्या झाकल्या, पण हळद अंगणात लागते हे ते विसरले! उन्हात पिवळी लाख काचेसारखी झाली आणि चारही चिमण्या आतून झळकू लागल्या. सासरच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी चिमणी लगेच ओळखली, त्यांच्याच नातवाच्या भोवऱ्यावर तश्शीच आहे. म्हणाल्या, ऊठ गो, दुसरा पाट आना, हितं हळद लागायची नाय.

मी उठले नाही. सांगितलं, हा माझ्या आत्याचा चौरंग. हळद लागेल तर इथंच, नाहीतर आणलीत तशी परत न्या. आईनं डोळे वटारले. बाबा पुढे आले तेव्हा वाटलं, आता दंड धरून उठवतात. त्यांनी वाटीतली हळद बोटांवर घेतली, आधी चौरंगाच्या पायावरच्या चिमणीला लावली आणि मग माझ्या गालाला. सगळ्यांदेखत म्हणाले, माझ्या भयनीच्या हातचं हाय, मीच लपवलं व्हतं. आत्या, मला रडू आवरेना. मग एकेक बाई पुढे आली. सासूबाई सगळ्यांत शेवटी आल्या, पण आल्या.

इथं आल्यावर त्यांनी चौरंग माळ्यावर टाकला. मी खाली काढला, जेवायला त्यावरच बसते. काल म्हणाल्या, उद्या पाळणा लागला तर कल्याणहून आणू. मी म्हटलं, पाळणा हलेल तेव्हा हलेल, पण तो धसईचाच असेल, आणि त्यावरच्या चिमण्यांना कुणी लाख फासायची नाही. त्या वांगी चिरत राहिल्या.

लोभ वाढवायचा असेल तर नुसत्या पत्रानं नको, तू स्वतः ये. आमच्या मागच्या पडवीत कोंबड्या असतात, तिथं माणसाला जागा नाही. पुढच्या दारानं ये.

तुझी, चौरंगावरून न उठलेली,
पारू